गहू नसलेली दोन पिंपं

आमच्या धान्याच्या खोलीत तीन पिंपं होती आणि त्यांतल्या दोनांत गहू नव्हता. हे गुपित मला, आईला, बाबांना आणि शेजारच्या शेवडेकाकांना ठाऊक होतं. शेवडेकाकूंना ठाऊक नव्हतं, निदान आमची तशी समजूत होती. तिसरं पिंप पत्र्याचं, खरंखुरं, शरबती गव्हाने गळ्यापर्यंत भरलेलं. उरलेली दोन लाकडी, पोटाशी फुगलेली, तोंडावर कातडं ताणून खिळ्यांनी ठोकलेलं. त्यांच्यावर आईने स्टीलची ताटं झाकली होती आणि अंगाला जुन्या लुगड्याचे तुकडे गुंडाळले होते. त्या अंधाऱ्या खोलीत ती पिंपंच वाटायची. एकदा आमची आत्या राहायला आली होती. तिने गहू घ्यायला नेमकं चुकीचं ताट उचललं आणि आत हात घातला, तो धप्पकन कातड्यावर आपटला. "अगं बाई, गहू गोठला की काय तुमचा?" आत्या ओरडली. आई जागची हललीसुद्धा नाही. "कीड लागू नये म्हणून तोंड बांधून ठेवलंय," म्हणाली. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं एकदा बोलायला लागली की किती सराईतपणे बोलतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधलं ते जोड क्वार्टर माझ्या डोळ्यांपुढे अजून जसंच्या तसं उभं राहतं. डावीकडे आम्ही, उजवीकडे शेवडे, मध्ये एका विटेची भिंत. आमच्या धान्याच्या खोलीला लागून पलीकडे त्यांचं स्वयंपाकघर. त्या भिंतीतून बोलण्याचे शब्द यायचे नाहीत, पण आवाज सगळे यायचे. काकूंचा खलबत्ता, त्यांची मोरीतली बादली, त्यांच्या कुकरची शिट्टी. आमचा कुकर आणि त्यांचा कुकर यांची दुपारी जुगलबंदी चालायची आणि आई त्यांच्या शिट्ट्या मोजून आपला गॅस बंद करायची. दिवसाला आकार होता तो कारखान्याच्या भोंग्याने. सकाळचा भोंगा झाला की सगळ्या गल्लीतून सायकलींची रांग निघायची, आणि मग साडेतीनच्या भोंग्यापर्यंत टाउनशिप बायकांची, कडुनिंबांची आणि झोपेची. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, पंख्याची करकर, दूर कुठेतरी भाजीवाल्याची "लौकी ले लो, गिलकी ले लो" अशी पेंगुळलेली हाक. आता शहराच्या टोकाला, मिसरोदला चौथ्या मजल्यावर राहते मी. सगळं बंद खिडक्यांचं. शेजारी कोण राहतं ते लिफ्टमध्ये कळतं. दुपारी डोळा लागला की मात्र मला अजून त्या भिंतीपलीकडची बादली ऐकू येते, आणि जाग आली की क्षणभर वाटतं, उठावं, काका यायची वेळ झाली.

शेवडेकाका कारखान्यात इंजिनिअर होते. मोठ्या मोटारी बसवून द्यायला त्या काळी माणसं कुठे कुठे पाठवायचे. काकांना पाठवलं ते थेट क्युबाला, एका साखर कारखान्यात. सहा महिन्यांसाठी गेले ते तीन वर्षांनी आले. गेले तेव्हा गुटगुटीत, गोरे आणि बिनसाखरेचा चहा पिणारे होते. आले तेव्हा सडसडीत, काळे, आणि चहात चार चमचे साखर मागणारे. सामानात एक भलं मोठं खोकं होतं. अख्ख्या गल्लीसमोर ते उघडलं. आम्हाला वाटलं, टेपरेकॉर्डर असेल, निदान मिक्सर तरी. निघाले दोन ढोल. काका हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "हे तिथले काँगा. यावर रुंबा वाजवतात." काकूंनी एकदा ढोलांकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि पदर खोचून आत निघून गेल्या.

त्याचं कारण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. काका गेले तेव्हा त्यांची आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली होती. तिचं जेवणखाण, अंघोळ, कूस बदलणं, सगळं काकूंनी एकटीने केलं. दुसऱ्या वर्षी आजी गेल्या. नागपूरहून पुतण्या आला आणि त्याने अग्नी दिला. काकांना तार पोहोचली ती तेराव्याच्या दिवशी. तिथून निघणं त्यांना शक्यच नव्हतं, पण शक्य नसणं आणि न येणं यातला फरक जिने चार महिने पाठीच्या जखमा धुतल्या तिला कोण समजावणार? त्या संध्याकाळी काकू अंगणात येऊन बोलल्या, म्हणून आम्हालाही ऐकू आलं. "इथे माझ्या घरात सुतक होतं आणि तुम्ही तिथे ढोल बडवत होतात? ही वस्तू माझ्या घरात राहणार नाही." काकांनी खोकं पुन्हा बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना सांगितलं, ढोल टाउनशिपच्या क्लबाला देऊन टाकले. आणि काकू देवळात गेलेल्या असताना हातगाडीवर घालून आमच्या मागच्या दाराशी आणले. "वहिनी, दोनच दिवस ठेवा." आई म्हणाली, "ठेवते. पण लपवाछपवी मला जमत नाही हो भाऊजी." त्या दोन दिवसांचं वर्ष झालं, आणि आईला सगळं जमलं.

मी तेव्हा अकरावीत. भजनी मंडळाच्या एका बुवांकडे तबला शिकत होते. मुलगी आणि तबला, हे गल्लीला पचलेलं नव्हतंच, त्यात बोटं जाड होतील म्हणून आत्याला काळजी. पण बाबा ड्राफ्ट्समन होते, आखीवरेखीव मोजमापाची आवड, त्यामुळे मात्रा मोजणारी मुलगी त्यांना आवडायची. बुधवारी आणि शनिवारी काकू महिला मंडळाच्या शिवणाच्या वर्गाला जायच्या. छत्री घेऊन, फाटक लावून, कडुनिंबाच्या वळणावरून दिसेनाशा व्हायच्या. मग भोंगा व्हायचा, काकांची सायकल यायची, आणि काका हातपाय धुऊन मागच्या दाराने आमच्याकडे. ताटं उतरायची, लुगडी सुटायची. पावसाळी हवेत कातडं सैल पडलेलं असायचं म्हणून ढोल शेगडीपुढे धरून शेकायचे. आईचे पापडही त्याच वेळी भाजायला असायचे. "आधी पापड, मग तुमचा तो क्युबा," आई सांगायची, आणि काका निमूटपणे ढोल बाजूला घ्यायचे. भाजल्या पापडाचा आणि तापल्या कातड्याचा असा एक एकत्र वास असायचा, तो मला नंतर कुठे आला नाही. रुंब्याला खरं तर तीन ढोल लागतात. मधला आणायला जागा नव्हती, म्हणून काकांनी कारखान्यातल्या देवदाराच्या फळ्यांचं खोकं ठोकून केलं. त्यावर छत्रीचं आणि काचेच्या पेल्याचं चित्र छापलेलं होतं, वर बाण, 'ही बाजू वर'. बाण खाली करून मी त्यावर बसून वाजवायची.

मी काय चूक करायची, ते सांगितलं तर हसाल. मला सम हवी असायची. तबल्यावर वाढलेल्या माणसाला समेशिवाय घरी पोहोचल्यासारखं वाटत नाही. काका हातात दोन लाकडी दांड्या घेऊन पाच ठोके वाजवायचे, क्लावे म्हणायचे त्याला. तीन ठोके लांब लांब, मग दोन जवळ जवळ, की पुन्हा तेच, तासन् तास. त्या पाच ठोक्यांच्या भोवती बाकी सगळं गुंफायचं. आणि मी दर खेपेला पहिल्या मात्रेवर धाडकन हात मारायची. काका दांड्या खाली ठेवायचे. "कुंदे, तिथे कुणी वाजवत नाही." "पण काका, सम आहे तिथे!" "आहे ना. सगळ्यांना माहीत आहे, आहे म्हणून. म्हणूनच कुणी वाजवून दाखवत नाही." मला हे चीड आणणारं वाटायचं. असलेली गोष्ट वाजवायची नाही, म्हणजे काय? रुंबा शिकायला मला महिना लागला, पण त्या रिकाम्या जागेवर हात न मारायला शिकायला तीन.

मग प्रकार आले. रुंबा एक नाही, तीन आहेत, हे काकांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, सोपं आहे. यांबू, वावांको आणि कोलुंबिया. मी मनात लगेच लावून टाकलं: विलंबित, मध्य, द्रुत. कोलुंबिया तर सहाच्या चालीचा, म्हणजे आपला दादराच की. झालं! काका म्हणाले, "डोळे मिट आणि ओळख." त्यांनी क्लावे वाजवली, तोंडाने ढोलांचे बोल काढले. मी म्हटलं, "संथ आहे. यांबू." "चूक." पुन्हा वाजवलं. "आता जलद आहे. वावांको." "चूक. आता यांबू होता." मी भडकलेच. "तुम्ही मुद्दाम लय बदलता!" "बदलणारच. तू घड्याळ लावून ओळखतेस. आगगाडी उशिरा आली म्हणून तिचं नाव बदलतं का?" हे बोलून ते त्यांचं ते सावकाश हसू हसायचे आणि आईला अजून अर्धा कप चहा मागायचे.

कोण नाचतंय ते बघ, असं त्यांचं म्हणणं. ढोलाकडे बघायचं नाही, डोळ्यांपुढे अंगण आणायचं. कोलुंबियात एकटा पुरुष नाचतो, डोक्यावर पाण्याचा पेला ठेवून, कधी हातात सुऱ्या घेऊन, आणि लहान ढोल, किंतो त्याचं नाव, त्याच्या पायांशी भांडत असतो. तो पायाने विचारतो, ढोल उत्तर देतो. वावांकोत बाई आणि बाप्या. इथे काका अडखळायचे. "तो संधी बघून रुमाल उडवतो, पाय पुढे टाकतो, म्हणजे, तिला, काय म्हणतात ते... आणि ती घागरा सावरून निसटते." त्यांचे कान लाल व्हायचे. आतून आई, "शिवाशिवी म्हणा की सरळ, एवढं काय!" म्हणून वावांकोत मोठा ढोल आणि मधला ढोल सारखे एकमेकांना टोकत असतात, त्यांची गाण्यासारखी चाल ऐकू येते, आणि किंतो सतत दबा धरून बसलेला. आणि यांबू? "यांबू म्हाताऱ्यांचा. खोक्यांवर वाजवतात. तिथेही बाई-बाप्या असतात, पण कुणी कुणाला शिवायला जात नाही. नुसते एकमेकांभोवती फिरतात." मी म्हटलं, "मग त्यात मजा काय?" काकांनी दांड्या उचलल्या आणि यांबूच पुन्हा सुरू केला.

आता माझी नात फोनवर ते सगळं शोधून काढते. परवा मला म्हणाली, "आजी, ये देख, तेरे ड्रम!" बघितलं, तर काकांनी आमच्या धान्याच्या खोलीत तोंडाने उभं केलेलं ते अंगण जसंच्या तसं. निळी भिंत, खुर्च्या, घागरा सावरणारी बाई. नातीने आवाज बंद केला आणि विचारलं, "कोणता आहे सांग." मी सांगितला. ती थक्क झाली. आवाज बंद असताना ओळखता येतं, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं, पण काकांना वाटलं नसतं.

श्रावणाच्या आधीचा एक बुधवार असेल. त्या दिवशी मी पुन्हा यांबू चुकले, सलग चौथ्यांदा, आणि वैतागून म्हटलं, "जाऊ दे ना काका, तो म्हाताऱ्यांचा शिकून काय करायचंय! कोलुंबिया घ्या."  काकांनी दांड्या मांडीवर ठेवल्या. मग जमिनीकडे बघत सांगितलं. तार आली तेव्हा ते कारखान्यातून खोलीवर आले होते. घरमालकीण म्हातारी, भाषा धड समजत नव्हती. त्यांनी तार दाखवली आणि हाताने खूण केली, आई. म्हातारी उठली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारल्या. कुणी रडलं नाही. अंगणात खोकी मांडली, आणि म्हातारी स्वतः, सत्तरीची असेल, आणि तिच्याहून थकलेला तिचा नवरा, यांबूवर नाचले. अगदी हळू, एकमेकांना न शिवता. दिवेलागणीपर्यंत. "तुझी आई म्हातारी होती ना, म्हणून हा, असं म्हणाली ती. मला वाजवायला बसवलं. दुसरं काय करणार होतो मी तिथे? ना नदी, ना भटजी. मी आईसाठी तेवढंच केलं."  कूलरचं पाणी टपटपत होतं. मी विचारलं, "काकूंना सांगितलंत?" "तिला काय सांगू? तिने जखमा धुतल्या. आणि मी सांगू, मी खोकं वाजवलं?" उठताना म्हणाले, "तू सांगू नकोस हां. आणि ढोलाचं तिला कळलं ना, तर मी ते त्याच दिवशी भंगारवाल्याला देणार आहे. एकदा खोटं बोललो. तिच्या तोंडावर दुसऱ्यांदा नाही बोलणार."

मला सांगा, सोळा वर्षांच्या मुलीने हे सगळं ठेवायचं कुठे? ढोल जातील ही धास्ती होतीच. दोन्ही हात ढोलावर असताना मला जे वाटायचं ते तबल्यावर, अभ्यासात, कशातच वाटत नव्हतं, हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं. पण त्या दिवसापासून यांबू वाजवताना माझा हात आपोआप संथ व्हायला लागला. दर खेपेला आम्ही शेवटी यांबू वाजवायचो, आणि मग दोघंही थोडा वेळ गप्प.

त्या श्रावणात ताईची पहिली मंगळागौर आमच्याकडे होती. ताई, माझी मोठी बहीण, लग्न होऊन जबलपूरला गेली होती, ती आली. अरेरा कॉलनीतून आणि टाउनशिपमधून वशेळ्या यायच्या होत्या, नव्या लग्नाच्या सात मुली. पूजेची पत्री, पुरण, वाटली डाळ, घरभर धांदल. आणि मदतीला, अर्थातच, शेवडेकाकू. काकूंसारखी पुरणपोळी भोपाळात कुणाची नाही, हे आई स्वतः कबूल करायची, म्हणजे बघा. सकाळपासून आईचं एक लक्ष देवीकडे आणि एक धान्याच्या खोलीच्या दाराकडे. "काकू, तुम्ही बसा, कुंदा आणेल," हे तिने इतक्यांदा म्हटलं की मलाच हसू यायला लागलं. पण डाळ संपली, मी पत्री वेचत होते, आणि काकू स्वतः उठून त्या खोलीत गेल्या. आई दारात खांब होऊन उभी. आतून ताट उचलल्याचा आवाज आला. मग ताट परत ठेवल्याचा. काकू डाळीचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "डाळ खालच्या फळीवर होती." बस. आईचा चेहरा असा उतरला की ताईने येऊन विचारलं, उपास बाधला का.

दुपारी वशेळ्या जेवायला बसल्या. मंगळागौरीला मुक्याने जेवतात. सात नव्या नवऱ्या, हिरव्या बांगड्या, नवी जरी, आणि तोंडातून शब्द नाही. आई वाढत होती, खुणेने आग्रह चालला होता. सगळं घर असं शांत झालं की बाहेरच्या पारिजातकावरची चिमणीसुद्धा मोठ्याने बोलतेय असं वाटावं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच, काकू आणि मी. काकू लाटत होत्या, मी तव्यावर. लाटण्याचा आवाज तेवढा. मी सहज ऐकत होते, आणि माझ्या हातातलं उलथणं थांबलं. तीन लांब, दोन जवळ. पोळपाटाच्या कडेला लाटणं टेकत होतं ते बरोब्बर क्लावेवर.

काकूंनी वर बघितलं नाही. बाहेर मौन होतं म्हणून अगदी हळू आवाजात बोलल्या. "पुरणाला हा संथ बरा पडतो. पोळी फाटत नाही. रोजच्या पोळ्यांना तो दुसरा, शिवाशिवीसारखा. आणि तो सहाचा घेतला की चटणी भसाभस वाटून होते." मी म्हटलं, "काकू, तुम्ही शिवणाच्या वर्गाला..." "दोन महिने झाले सोडून. कडुनिंबापर्यंत जाते आणि ते तुमच्याकडे गेले की मागच्या दाराने परत येते. माझ्या स्वयंपाकघरात बसते." पीठ लागलेला हात त्यांनी डब्यावर ठेवला, बोटं दोनदा पडली, नेमकी मोठ्या ढोलाच्या जागी. पहिली मात्रा रिकामी सोडून! जे मला शिकायला तीन महिने लागले ते या बाईने भिंतीपलीकडे बसून, कुणी न शिकवता. "मला क्लबात दिले म्हणाले," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, बरं. एवढ्या मोठ्या माणसाला खोटं बोलताना बघितलं की आपल्यालाच लाजल्यासारखं होतं."

मी काहीतरी पुटपुटले, चूक झाली, रागावू नका, ढोल आजच देऊन टाकू. काकूंनी हात हलवून ते उडवून लावलं. "ते राहू दे. मला एकच सांग. भिंतीतून शब्द येत नाहीत, ठोका तेवढा येतो. तो संथ झाला की तुम्ही दोघंही गप्प बसता. किती वेळ. त्याच्यानंतर ते घरी येतात आणि जेवत नाहीत. काय आहे ते?"

तवा तापलेला होता. काकांना शब्द दिलेला होता. सांगितलं तर शब्द मोडला, न सांगितलं तर ही बाई पुन्हा कडुनिंबाला वळसा घालून भिंतीशी येऊन बसणार, आणि तो माणूस जेवणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी भडभडा सगळं सांगून टाकलं. तार, म्हातारी, खोकी, तो थकलेला नवरा, ना नदी ना भटजी. काका म्हणाले होते तसंच, त्यांच्याच शब्दांत: मी आईसाठी तेवढंच केलं. काकूंचं लाटणं मध्येच थांबलं होतं. तव्यावरची पोळी काळी पडायला लागली, धूर झाला, आणि बाहेर आई मौन मोडता येत नाही म्हणून नुसती खाकरत होती. "उलट ती," काकू म्हणाल्या. मी उलटली. मग त्यांनी पुढची पोळी लाटली, त्याच्या पुढची लाटली, तेविसाव्या पोळीला हात धुतले आणि "डोकं दुखतंय, पडते जरा," असं आईला सांगून घरी गेल्या.

मी समजून चुकले, संपलं. आता काका येतील, कळेल, भंगारवाला. वशेळ्यांनी तुळशीचं पान खाऊन मौन सोडलं आणि घर एकदम कलकलाटाने भरलं. बाहेरच्या खोलीत फुगड्या सुरू झाल्या, झिम्मा सुरू झाला. मी मात्र धान्याच्या खोलीत जाऊन मोठ्या ढोलाला टेकून बसले आणि मनसोक्त रडले. काकांचा विश्वास घालवला, ढोल घालवले, आणि काकूंचं डोकं दुखवलं, एका दुपारीत एवढं सगळं!

मागच्या दाराची कडी वाजली. काकू उभ्या होत्या, केस नीट विंचरलेले, पदर खांद्यावरून घेतलेला. माझ्या तोंडाकडे बघितलं, पण रडलीस का, असं विचारलं नाही. "कुंदे, ते मोठं पिंप उचलायला हात लाव. माझ्याकडे गहू ठेवायला जागा नाही." मी बघतच राहिले. "अगं लाव ना हात! भोंगा व्हायला आलाय." आम्ही दोघींनी ढोल उचलला, ताटासकट, लुगड्यासकट, मागच्या अंगणातून त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. काकूंनी मला दारातूनच परत पाठवलं. "तू जा. तुझी बहीण फुगडी घालतेय, बघ जा."

मी फुगडी बघायला गेले नाही, हे सांगायला नकोच. भिंतीला कान लावून बसले. भोंगा झाला. बराच वेळ काही नाही. मग सायकल स्टँडला लागली, चपला निघाल्या, पाय वाजले, आणि थांबले. पलीकडून कुणीतरी काहीतरी बोललं, काकू असाव्यात, पण शब्द येत नाहीत त्या भिंतीतून, कधीच आले नाहीत. मग इतका वेळ शांतता की मला वाटलं, दोघं बाहेर गेले. आणि मग लाटणं पोळपाटावर पडलं. तीन लांब, दोन जवळ. त्या पाच ठोक्यांचा हात मी कुठेही ओळखला असता, ते काका होते. आणि त्यांच्या मागून ढोल आला, काकूंचा. घाबरलेला, धावत सुटलेला, जागा चुकणारा, सापडणारा, पुन्हा चुकणारा. काका लाटण्याने त्यांना सावरून घेत होते, पण थांबवत नव्हते. बाहेर बायका हसत होत्या, जमिनीवर पाय आपटत होत्या, आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून ऐकत होते.

आई मला शोधत आली. आत जागा रिकामी बघून दचकली, मग तिलाही ऐकू आलं. माझ्या शेजारी खाली बसली, पुरणाचे हात तसेच, आणि भिंतीला कान लावला. वर्षभर पापड भाजता भाजता तीही थोडं शिकलीच होती. "बरंच पळतंय गं," कुजबुजली. "हा तुझा तो वावांको ना?"

"नाही आई," मी म्हटलं. "यांबू."